चालेलमामा

त्याचं खरं नाव गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून कुणाचं अडतही नव्हतं. जळलेल्या मोटारी भरून देणारा माणूस, एवढी ओळख पुरायची. पंखा, मिक्सर, पाण्याचा पंप, ज्याच्यातून म्हणून धूर निघाला ते सगळं शेवटी त्याच्या जिन्याखालच्या दुकानात यायचं. तो जळलेली तार खेचून काढायचा, नवी तांब्याची तार वेटोळं वेटोळं करून भरायचा, वर व्हार्निश ओतून वाळवायचा. मग बटण दाबून फिरत्या मोटारीवर तळहात ठेवायचा आणि डोळे मिटून नुसता ऐकत राहायचा. गिऱ्हाइकाचा धीर सुटायचा. "मामा, चालेल ना?" तो डोळे उघडायचा आणि म्हणायचा, "चालेल."

झालं. त्या एका शब्दावर लोक वस्तू उचलून न्यायचे. मामा चालेल म्हणाला म्हणजे ती चालायचीच. मग गल्लीने त्याचं नावच चालेलमामा ठेवलं आणि त्याच्या बायकोची आपोआप मामी झाली. नाव त्याला आवडायचं. "ज्या दिवशी 'नाही चालणार' म्हणायची पाळी येईल, त्या दिवशी दुकानाला कुलूप," असं तो चारचौघांत म्हणायचा. एरवी तोंडात मूग धरून बसणाऱ्या माणसाची एवढी एकच काय ती फुशारकी.

पण शब्द जिभेवर बसला की घरी येताना चपलेसारखा दाराबाहेर काढून ठेवता येत नाही. भाजी कशी झालीय? चालेल. पडद्याला हा रंग घेऊ का? चालेल. मुलगी झाली तेव्हा मामीने दवाखान्याच्या खाटेवरून चार नावं सुचवली होती आणि हा चारही नावांना चालेल म्हणाला होता. शेवटी नर्स वैतागून म्हणाली, "अहो, मूल एकच आहे!" हा किस्सा मामी पुढे कितीतरी वर्षं हसून सांगायची. मग कधीतरी सांगायची बंद झाली. त्याच्या ते लक्षात आलं नाही.

मामी कापडाच्या एका मोठ्या दुकानात कामाला होती. गळ्यात मोजपट्टी, समोर उंच आरसा, आणि येईल त्या बाईच्या खांद्यावर कापड टाकून तिला तिचंच रूप दाखवायचं. बोलकी बाई. लग्न ठरलं तेव्हा तिला वाटलं होतं, नवरा कमी बोलतो ते बरंच आहे, निदान आपलं ऐकेल तरी. तो ऐकायचाही. पण विहिरीत खडा टाकावा आणि खालून आवाजच येऊ नये, तसं ते ऐकणं होतं.

मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली आणि घरातलं उरलंसुरलं बोलणं तिच्या सामानाबरोबर निघून गेलं. एका संध्याकाळी भाजी निवडता निवडता मामी म्हणाली, "मी लेकीकडे जाऊन राहायचं म्हणते. कायमचं."

भांडण नाही, आदळआपट नाही. वाटाणे सोलावेत तशा आवाजात ती बोलली. त्याच्या तोंडून सवयीने तो शब्द निघणारच होता. तोंड उघडलंही. मग पहिल्यांदाच ते तसंच मिटलं.

लेक फोनवर आधी रडली आणि मग कामाला लागली. जोडप्यांशी बोलणाऱ्या एक समुपदेशक बाई तिने शोधून काढल्या. कुठे जायला नको, घरबसल्या फोनवरच समोरासमोर बोलायचं. "चार वेळा बोला दोघं. त्यानंतर आई म्हणेल तसं," लेक म्हणाली. मामीने मान डोलावली. बाबा काय म्हणाले ते सांगायला नको.

लेकीने सूचनाही भरपूर दिल्या. दार लावून बसा. फोन चार्ज करून ठेवा. तो हातात धरू नका, कशाला तरी टेकवा. एकमेकांचं बोलणं मधेच तोडू नका. आणि बाबा, मधेच दुकानाचा फोन घ्याल तर याद राखा. मामाने सगळं ऐकलं, पण मनात त्याचं आपलं एकच होतं. बाई दोघांचं ऐकणार, घोडं कुठे पेंड खातंय ते शोधणार, जळलेला भाग दाखवणार. एकदा तो दिसला की भरायला कितीसा वेळ! पहिल्या भेटीच्या दिवशी तो दुकानातून लवकर आला, नखांतलं व्हार्निश घासून काढलं आणि इस्त्रीचा शर्ट घातला.

फोन पिठाच्या डब्याला टेकवला. पलंगाच्या या टोकाला तो, त्या टोकाला ती. पडद्यावर बाई आल्या. केस पांढरे, मागे पुस्तकांचं कपाट. बाजूला, छोट्या चौकटीत, हे दोघं होते. म्हणजे त्याचा एक कान आणि मामीचा एक खांदा.

"दोघंही दिसत नाही आहात. जरा जवळ सरकता का?" बाई म्हणाल्या.

ते सरकले. अजून थोडं, बाई म्हणाल्या. शेवटी खांद्याला खांदा लागला तेव्हा कुठे दोन्ही चेहरे चौकटीत मावले. अर्धी त्याची, अर्धी तिची. शेवटचं असं कधी बसलो होतो, ते त्याला आठवेना. मामीच्या खांद्याची ऊब शर्टातून कळत होती. पहिल्या भेटीतलं एवढंच त्याला नीट आठवत राहिलं.

बाकी बाई बरंच बोलल्या होत्या. खोलीत आणखी कुणी नाही ना, विचारलं. इथलं बोलणं इथेच राहील, म्हणाल्या. "मी कुणाची बाजू घेणार नाही, निकालही देणार नाही. सुरुवातीला बरं वाटण्याऐवजी जास्त दुखेल, तेव्हा घाबरू नका. आणि संसार टिकवायचाच असंही मी ठरवून बसलेली नाही. तुम्हाला दोघांना काय हवंय ते तुम्हालाच नीट ऐकू यावं, एवढंच माझं काम." हे शेवटचं वाक्य त्याने एका कानाने ऐकलं आणि दुसऱ्याने सोडून दिलं. दुरुस्ती म्हणजे वस्तू ज्याच्या घरची, त्याच्याच घरी परत जाणार. दुसरी दुरुस्ती त्याला माहीत नव्हती.

मग बाईंनी प्रत्येकाशी वेगळं बोलून घेतलं. त्याला बाहेर बसवलं तेव्हा तो स्वयंपाकघरात उभा राहून बंद दाराकडे बघत राहिला. त्याची पाळी आली तेव्हा बाईंनी विचारलं, घरात कधी हात उचलला गेलाय का, कुणाला कुणाची भीती वाटते का. तो चपापला. "छे! आवाजसुद्धा चढवला नाही कधी." हे त्याने अभिमानाने सांगितलं. बाईंनी नुसती मान हलवली.

दुसऱ्या भेटीत दुखणं आलं. बाईंनी मामीला विचारलं, जायचं मनात नेमकं कधी आलं? मामी बराच वेळ मोजपट्टी गुंडाळावी तसा पदर बोटाला गुंडाळत राहिली.

"माझी आई शेवटच्या आजारात होती. निरोप आला. मी यांना म्हटलं, मी एकटीच जाऊ का? हे म्हणाले, चालेल."

ती थांबली. तो गोंधळून बघत होता. मग? यात काय वाईट झालं?

"मी एकटीच गेले. आई गेली तेव्हा तिथे सगळ्या बहिणींचे नवरे होते. मला कुणी विचारलं नाही, पण दिसत होतं ना सगळ्यांना. परत आले, तर हे पंप उघडून बसले होते. म्हणाले, आलीस? भात लावू का?"

"अगं, तूच विचारलंस म्हणून..." मधेच बोलणं तोडायचं नाही हे त्याला आठवलं आणि तो गप्प झाला. तिला जाऊ दिलं, अडवलं नाही, हेच तर त्याला चांगल्या नवऱ्याचं लक्षण वाटत होतं. खांद्याला लागलेला तिचा खांदा थरथरत होता. तिला धरावंसं वाटलं. बाई बघताहेत म्हणून त्याने धरलं नाही, आणि याचं दुःख त्याला नंतर कायम राहिलं.

त्या दिवसापासून घरात आणखीच सामसूम झाली. लेकीला तो फोनवर म्हणाला, "तुझ्या बाईंनी आहे ते पण बिघडवलं." आणि तरी तिसऱ्या भेटीला त्याने स्वतःच पीठ झटकून डबा पलंगासमोर ठेवला.

बाईंनी त्या शब्दालाच हात घातला. "चालेल म्हणता तेव्हा तुमच्या मनात काय असतं?"

असं त्याला कुणी कधी विचारलंच नव्हतं. तो चाचरत बोलायला लागला. मोटार कशी भरतात, हात ठेवून कसं ऐकायचं, आतून जराही खरखर आली तर सगळं उसवून पुन्हा कसं भरायचं. "सगळं मनासारखं झाल्याशिवाय मी तो शब्द काढत नाही, बाई. त्याहून मोठं कौतुक नाही माझ्याकडे. ही विचारते, भाजी कशी झाली. मी चालेल म्हणतो. म्हणजे यात काही कमी नाही. म्हणजे... उत्तम."

मामी त्याच्याकडे वळून बघत होती. फोनकडे नाही, त्याच्याकडे.

"आमच्या दुकानात चालेल कोण म्हणतं माहितेय?" ती हळू आवाजात म्हणाली. "जिला कापड आवडलेलं नसतं ती. पसंत पडलं की बाई म्हणते, आवडलं. पसंत नाही, पण मला इतकं सगळं काढायला लावलं म्हणून संकोच वाटला, की म्हणते, चालेल. ती पुन्हा कधी येत नाही. मी जन्मभर तुमच्यापुढे कापडं टाकत राहिले हो."

एकाच छपराखाली दोघांनी एकच शब्द वापरला होता, आणि त्याच्या दुकानात तो सोन्याचा होता नि तिच्या दुकानात मातीचा. इतका साधा घोळ. राग कुणावर काढायचा, हेही कळू नये असा.

त्या आठवड्यात तो शेजाऱ्याने आणलेला पंखा उघडून नुसता बसून राहायचा. त्याला वाटत होतं, सापडला! जळालेला भाग सापडला, आता भरायचा की झालं. घरी तो शब्द न उच्चारता जेवायचा प्रयत्न करी. "आज भाजी... आवडली," असं पहिल्यांदा म्हणाला तेव्हा घाम फुटला होता त्याला. मामी हसली. आणि हसता हसता डोळे पुसायला उठून गेली. ते हसू म्हणजे चांगली खूण, असंच त्याने धरलं.

चौथ्या भेटीत बाई म्हणाल्या, मनात जे असेल ते आज एकमेकांना विचारा, माझ्याकडे बघू नका. मामी वळली. खांदा सुटला.

"मी गेले तर चालेल तुमचं?"

इतकी वर्षं जे वाक्य न म्हणण्याची फुशारकी मारली, तेच घशाशी आलं. तो म्हणाला, "नाही." मग पूर्ण म्हणाला, "नाही चालणार. मला नाही चालणार." आणि रडला. मोठा माणूस रडतो तसा, तोंड वेडंवाकडं करून, आवाज दाबत.

मामीने त्याचा हात हातात घेतला. तीही रडत होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, "आईच्या वेळी 'नाही चालणार' म्हणाला असतात, तर आज मी उठून निघालेच नसते कुठे. आता ऐकून बरं वाटलं. खरंच वाटलं. पण मी जाणार आहे. तुमच्यावर राग नाही माझा आता. राग राहिला असता, तर मीही राहिले असते कदाचित."

त्याने पडद्याकडे पाहिलं. बाईंनी काहीतरी करावं, निदान काही म्हणावं. बाईंचे डोळे ओले होते, पण त्या काही म्हणाल्या नाहीत. संसार टिकवायचाच असं ठरवलेलं नाही, हे पहिल्या दिवशीचं वाक्य त्याला आता ऐकू आलं.

तो तिला बसपर्यंत सोडायला गेला. बॅग वर ठेवली, खिडकी सरकते का बघितली. एकटीच जाऊ का, असं तिने या वेळी विचारलं नाही. खिडकीतून म्हणाली, "वेळेवर जेवा."

दुकान त्याने बंद केलं नाही. फुशारकी ती फुशारकी, पोट थोडंच थांबतंय! पण गिऱ्हाइकाने "चालेल ना?" विचारलं की तो आता म्हणतो, "लावून बघा." गल्लीला हे आवडत नाही. नाव मात्र अजून तेच आहे.

रविवारी मामीचा फोन येतो. तो दार लावतो, फोन पिठाच्या डब्याला टेकवतो आणि पलंगावर आपल्या जागी बसतो.

"अहो, असे कडेला काय बसता?" पहिल्याच रविवारी ती म्हणाली. "अर्धी चौकट रिकामी दिसतेय. मधे सरका की. आता मधे बसलात तरी चालेल."

त्याने शेजारच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं. चादरीला सुरकुतीही नव्हती.

"नाही चालणार," तो म्हणाला.

मग जेवलात का, असं तिने विचारलं. आणि त्याने भात तळाला लागला होता, तो आवडला नाही, अंडं मात्र छान झालं होतं, फार आवडलं, असं सगळं तिला नीट सांगितलं.