डोळ्यांचं काम बाकी

पेणमधल्या त्या मूर्तिकाराचं नाव विचारायचं राहूनच गेलं. गणपतींच्या रांगेत मांडी घालून बसला होता, एक ब्रश हातात, एक दातांत. डोळे रंगवताना श्वास रोखून धरायचा आणि डोळा पुरा झाला की मोठ्यानं "हं" करून सोडायचा.

मी रोह्याहून आमच्या घरातला येशूचा जुना पुतळा घेऊन गेले होते. त्याच्या डोळ्यांचा रंग पार उडाला होता.

"नजर कुठं ठेवू, बाई?" त्यानं विचारलं. "आमचा बाप्पा समोर बसलेल्याकडं बघतो. तुमचा?"

मी दर रविवारी चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण देते. असा प्रश्न म्हणजे आयतीच संधी! पित्याची दया, क्रुसावरची क्षमा, हरवलेलं मेंढरू, सगळं घडाघडा सांगून टाकलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि ब्रश मनगटाला पुसला.

"ही झाली माहिती. मी इचारतोय, तुम्ही त्याच्यासमोर बसता तवा तो कुठं बघतो?"

मी वाकून पुतळ्याच्या कोऱ्या डोळ्यांत शोधायला लागले.

"मग आज डोळे नको," तो हसला. "घरी न्या, समोर बसा. कळलं की या. पाच मिन्टांचं काम हाय."

पुतळा अजून तसाच आहे. गणपतीच्या गडबडीत कारागिराला वेळ नाही, असं मी घरच्यांना सांगते. तो बिचारा केव्हाचा तयार आहे. मीच रोज संध्याकाळी येशूसमोर बसते, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याला काही शिकवत नाही.