गेल्या सालचा मेंढका

इंदापूरच्या तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला घेऊन मी बारामतीच्या एसटीत बसले. गणितात एम.एस्सी. करायला परदेशातल्या दोन विद्यापीठांनी मला प्रवेश दिला होता आणि कुठं जायचं ते त्याच आठवड्यात कळवायचं होतं. मांडीवरच्या वहीत मी दोन्हींना क्रमवारी, विषय, प्राध्यापक यांचे गुण देत होते.

शेजारच्या सीटवर बसलेले एक आबा दर थांब्यावर बोटांच्या पेरांवर अंगठा फिरवत एसटीतली माणसं मोजत होते.

"मेंढरं राखायची सवय हाय," ते हसून म्हणाले. "आता शेतीच करतो, पण एक कमी भरलं की अजून चैन पडत न्हाय."

मग त्यांनी वहीत डोकावून विचारलं, तेव्हा मी सगळं सांगितलं.

"ही माहिती कुणी दिली?"

"विद्यापीठांनीच."

"ज्याचं रान, तो चांगलंच म्हणणार. आमी नव्या गावाला कळप न्यायच्या आधी गेल्या साली तितं राहून आलेला मेंढका गाठायचो. चारा लांबनं दिसतो, पोरी. माणसं कशी हायती, ते राहिलेल्यालाच ठावं."

गणिताची पदवी घेऊनही मला हे सुचलं नव्हतं. घरी पोचताच दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना मेल केली. वरच्या क्रमांकाच्या विद्यापीठातून दोन ओळी आल्या. दुसरीकडच्या मुलीनं दोन पानं लिहिली आणि शेवटी विचारलं, स्टेशनवर घ्यायला येऊ का?

मी तिच्याच विद्यापीठात आले. वर्गात आम्ही अकरा जण आहोत. मी रोज पेरांवर मोजते, आणि दहाच भरले तर संध्याकाळी जाऊन अकराव्याचं दार वाजवते.