गाडीला पेलेल अशी बॅटरी

मी जनावरांची डॉक्टर. वडूजच्या पूर्वेकडच्या वाड्यावस्त्यांवर गायी, म्हशी, मेंढरं बघत दिवसभर मोटारसायकलवर हिंडते. नवऱ्याचं सोनं गाळायचं दुकान तिकडं तमिळनाडूत आहे, त्यामुळं तो सणावाराला येतो. घरी मी आणि सासरे. सासरे फौजेत गाड्यांच्या वायरिंगचं काम करायचे. त्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो.

सासूबाई गेल्या त्या वर्षी मामांचं बोलणंच थांबलं. जेवायला वाढलं की जेवायचे, सोप्यात खुर्ची टाकून रस्त्याकडं बघत बसायचे. काही विचारलं तर "हं" म्हणायचे. मीही मग फारसं विचारत नसे. माणूस दुःखात असला की त्याला आपल्या कटकटी कशाला सांगायच्या, असं मला वाटायचं.

त्याच सुमारास मी नवी गाडी घेतली होती. तिला किक नव्हती, नुसतं बटण. कामाच्या सोयीसाठी मी तिच्यावर तीन गोष्टी बसवून घेतल्या. लसी थंड ठेवणारी, गाडीच्या करंटवर चालणारी एक पेटी. गोठ्यातल्या अंधारात जनावर तपासायला लांब वायरीचा एक दिवा. आणि मोबाईलचा चार्जर. गाडी दिसायला मोठी झोकात दिसायची. तिची बॅटरी केवढी आहे, याचा विचार माझ्या डोक्यात कधी आला नव्हता.

एका संध्याकाळी धनगरांच्या एका वस्तीवरून फोन आला. म्हैस अडली होती. मी पोचले तेव्हा दिवस मावळायला आला होता आणि वस्तीवरची वीज गेलेली. गाडी गोठ्याच्या तोंडाशी लावली, इंजिन बंद केलं आणि दिवा लावला. रेडकाचा एक पाय मागं दुमडला होता. तो सरळ करून रेडकू बाहेर काढेपर्यंत घामानं मी निथळून निघाले. म्हशीनं मागं वळून रेडकाला चाटायला सुरुवात केली तेव्हा घरधनी आणि त्याची बायको दोघंही नुसते बघत उभे राहिले. दिवा मात्र तोवर पिवळा पडला होता.

हात धुऊन गाडीवर बसले. बटण दाबलं. आतून नुसती टकटक झाली. पेटी आणि दिव्यानं बॅटरी खाऊन टाकली होती. घरधन्यानं आणि त्याच्या बायकोनं गाडी ढकलून बघितली. जुन्या गाड्या तशा चालू व्हायच्या, पण माझ्या गाडीत पेट्रोलचा पंपसुद्धा करंटवर चालणारा, त्यामुळं ढकलून काही उपयोग झाला नाही.

"तुमी बसा निवांत," घरधनी म्हणाला. "भावाला ट्रॅक्टर घिऊन बोलावतो. त्येच्या बॅटरीवर हुईल चालू."

भाऊ येईपर्यंत त्याच्या बायकोनं मला गरम भाकरी आणि दूध दिलं. मी नको म्हटलं तर म्हणाली, "आमची म्हस वाचीवली तुमी. उपाशी कसं जाऊ दिऊ?" ट्रॅक्टर आला, वायरी जोडल्या, गाडी चालू झाली. भावानं मोठ्या रस्त्यापर्यंत ट्रॅक्टर माझ्या मागं आणला, गाडी परत बंद पडली तर असू दे म्हणून. त्या घरानं त्या दिवशी मला जे सांभाळलं, ते मी विसरले नाही.

दुसऱ्या दिवशी विट्याला बॅटरीच्या दुकानात गेले. दुकानदाराला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मोठी बॅटरी टाका, विषय संपला." मलाही ते पटलं. मूळची बॅटरी पाच अँपिअरची होती, त्यानं नऊची दिली. ती गाडीच्या खाचेत बसेना, म्हणून बाजूच्या पेटीत घालून रबरानं आवळून दिली. आठवडाभर गाडी छान चालली. मग एका सकाळी आमच्या अंगणातच परत ती टकटक.

मी गाडी अंगणात ढकलत होते. मागून आवाज आला, "काय झालं गं?"

मामा उभे होते. कित्येक महिन्यांत त्यांनी स्वतःहून विचारलेला तो पहिला प्रश्न असावा. मी गाडी स्टँडवर लावली आणि वस्तीपासून विट्यापर्यंत सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. मग आत गेले आणि ट्रंकेतून व्होल्ट मोजायचा मीटर घेऊन आले. शेजाऱ्याच्या गाडीवरून वायरी जोडून आम्ही इंजिन चालू केलं.

मामांनी मीटरच्या सुया बॅटरीला लावल्या. "रेस कर," म्हणाले. मी केली. आकडा चौदाच्या वर गेला. "आता सोड. आन तुझी पेटी, दिवा, समदं चालू कर." आकडा घसरत बाराच्या आसपास आला. पुढचा दिवा तर आजकालच्या गाड्यांना दिवसाही बंद करता येत नाही. म्हणजे इंजिन चालू असून बॅटरी भरत नव्हती, उलट रिकामी होत होती.

"टाकी मोठी केली म्हणून नळाचं पानी वाढत न्हाई," मामा म्हणाले. "मोठी बॅटरी भरायला तेवढा करंट पायजे. अर्धपोटी ऱ्हायली की आतनं खराब हुती."

"मग काय करायचं, मामा?"

"गाडीचं मला ठावं हाय. तुझ्या दिसाचं तू सांग. कुठं जातीस, किती येळ थांबतीस?"

मग आम्ही सोप्यात बसलो. मी माझा दिवस सांगत गेले. एका वस्तीपासून दुसरी जवळच, रस्ता खडकाळ, गाडी कायम दुसऱ्या गिअरात. थांबलं की अर्धा तास, कधी तास. बोलता बोलता माझ्याच लक्षात आलं की माझी गाडी चालण्यापेक्षा उभीच जास्त असते, आणि उभी असतानाच पेटी चालू असते. मामांनी मान हलवली. पेटी तीन अँपिअर करंट खाते. बॅटरी निम्म्याच्या खाली जाऊ द्यायची नाही, शिवाय बटण दाबायला शिल्लक ठेवायची, हा त्यांचा हिशेब. पाचची बॅटरी तासाभराच्या आतच हात टेकणार हे उघडच होतं.

"पेटी गाडी उभी असताना बंद ऱ्हायली तर लसी खराब हुतील का?" त्यांनी विचारलं.

ते मला माहीत होतं. बर्फाच्या विटा भरल्या तर पेटी बंद राहूनही सकाळभर गार राहते. तसं सांगितल्यावर मामांचा चेहरा उजळला. त्यांनी पेटीच्या वायरीत एक रिले बसवला, म्हणजे इंजिन चालू असेल तेव्हाच पेटीला करंट मिळेल. गोठ्यात वापरायच्या दिव्यातला जुना बल्ब काढून एलईडीचा लावला. आता उभ्या गाडीवर फक्त तो दिवा, आणि त्याला लागतं कितीसं.

"आता पाचचीबी चालंल," मामा म्हणाले. "पन थंडीत सकाळी बटनाला लय जोर लागतो. सातची मिळती का बघू, पन तिच्याच खाचेत बसनारी. आन बंद तोंडाची. तुझा रस्ता असा, पान्याची बॅटरी सांडंल."

"चला माझ्यासंगं," मी म्हटलं.

ते चटकन उठले नाहीत. थोडा वेळ रस्त्याकडं बघितलं. मग टोपी घालून बाहेर आले. सासूबाई गेल्यापासून ते गावाबाहेर पडले नव्हते. विट्याला मी त्यांना मागं बसवून नेलं. दुकानदारानं आधीची बॅटरी कुरकुर न करता परत घेतली आणि मामांनी सांगितलं तशी बंद तोंडाची सातची काढून दिली. दोघं मग बराच वेळ जुन्या डायनामोच्या गाड्यांविषयी बोलत उभे राहिले. मी बाहेर उसाच्या रसाच्या गाड्यावर त्यांची वाट बघत होते आणि मला ती वाट बघणं फार बरं वाटत होतं.

बॅटरी खाचेत चपखल बसली. त्यानंतरच्या हिवाळ्यात गाडीनं मला एकदाही रस्त्यात सोडलं नाही.

काही दिवसांनी भाकरी थापता थापता मी मामांना म्हटलं, "तुमी होता म्हणून माझं काम सुरळीत झालं." आमच्या घरात असं कुणी कुणाला तोंडावर म्हणत नाही. ते जेवता जेवता थांबले.

"तू इचारलंस म्हनून," ते म्हणाले. "मला वाटलं हुतं, आता आपलं कुनाला काय काम न्हाई."

मी तव्यावरची भाकरी उलटली आणि त्यांच्या ताटात आणखी आमटी वाढली. त्यांनी ती नको म्हटलं नाही.