गाणाऱ्याशिवायचा अल्बम

"आता येते, पाह्य," असं म्हणून तो डावा हात कीबोर्डवर चालता ठेवायचा आणि उजव्या हाताचं एक बोट वर करायचा. आपण त्या बोटाकडे बघत बसायचं. काय येतंय ते कळायच्या आत बोट खाली यायचं आणि पुन्हा तेच, "थांब बे, आता येते." तुमच्याही ओळखीत असा एखादा असेलच, ज्याला चांगलं काही एकट्याच्या कानात ठेवणं जमत नाही.

खामगावात आमचा ऑर्केस्ट्रा होता. लग्न, हळद, गणपती, जे मिळेल ते. मी निवेदक, म्हणजे पगारी बडबड्या, आणि तो कीबोर्डवर. दिवसा तो कापसाच्या एका जिनिंगमध्ये वायरमन होता. तिथं मशीन बसवायला आलेला एक इंजिनिअर जाताना त्याला एक कॅसेट देऊन गेला. विलायती रॉक होतं ते. त्यात गाणारा नव्हताच. कीबोर्डवाला गोष्ट सांगावी तसा वाजवत सुटला होता, मधेच ताल बदलत, मधेच गप्प होत. त्या कॅसेटनं चांगल्या माणसाचं वाटोळं केलं, असं आमचा ढोलकीवाला म्हणायचा.

त्यानंतर कित्येक वर्षं तो स्वतःचा अल्बम करत होता. ड्रम, गिटार, बासरी, सगळं त्याच एका कीबोर्डमधून, आणि रेकॉर्डिंगला लेकीनं सोडून दिलेला कॉम्प्युटर. त्यातल्या सगळ्यात लांब तुकड्याचं नाव होतं 'जलंब ते खामगाव', आमच्या एवढ्याशा रेल्वेफाट्यावरून.

मी चिडवलं, "अबे, यापरीस गाडी लवकर पोचते."

"पन गाडीत कोनी इचारते का, गानं कधी लागते म्हून? खिडकीतून पाह्यत बसतेत ना लोक? तसंच बसा लागते."

त्याला हवं होतं ते एवढंच. लोकांनी एकदा बसावं आणि शेवटपर्यंत ऐकावं. घरी वहिनीसुद्धा कुकरची शिट्टी झाली की उठायच्या. मला म्हणायच्या, "भाऊ, तुमी सांगा ना तुमच्या दोस्ताले. एखादा शब्द टाका म्हना त्याच्यात."

अल्बम पुरा झाला तेव्हा त्यानं मंगल कार्यालयाचा लहान हॉल घेतला आणि ओळखीच्या सगळ्यांना ऐकायला आणि जेवायला बोलावलं. मला मात्र आधीच बजावलं, "तू काही बोलू नको. मी सरळ वाजवनं सुरू करतो." मला गप्प बसवणं सोपं नाही, पण त्याच्यासाठी बसलो.

घोळ झाला तो इथंच. आमच्याकडे कार्यक्रमाआधी कीबोर्डवाला बराच वेळ काहीबाही वाजवून आवाज तपासतो. त्याला चेकिंग म्हणतात. निवेदकानं नमस्कार केल्याशिवाय कार्यक्रम सुरू झाला असं कोणी धरत नाही. तो जीव ओतून वाजवत होता आणि हॉलमध्ये सोयाबीनचे भाव चालले होते, खुर्च्या ओढल्या जात होत्या, चहा फिरत होता. तुकडा संपला तसे पहिल्या रांगेतले जिनिंगचे म्हातारे मुकादम हात वर करून म्हणाले, "झालं असन चेकिंग, तं करा सुरू आता!"

मी हसू दाबलं. त्यानं दस्तीनं तोंड पुसलं, माझ्याकडे पाहिलं. "बोल बाप्पा तू. कर नमस्कार."

मी नमस्कार केला. त्यानं तोच तुकडा पुन्हा पहिल्यापासून वाजवला. सोयाबीनचे भाव थांबले, सगळे समोर बघायला लागले. मग मुकादम म्हणाले, "हे तं मंघाचंच हाय," आणि तेवढ्यात जेवणाची पानं मांडल्याचा निरोप आला. शेवटचा सूर विरला तेव्हा समोर मी आणि ढोलकीवाला उरलो होतो. ढोलकीवाला झोपला होता.

"एक तं जागा होता," तो माझ्याकडे बघत म्हणाला आणि वायरी गुंडाळायला लागला.

मागच्या उन्हाळ्यात तो गेला. कामावरून घरी आला, प्यायला पाणी मागितलं आणि संपलंच. मला अजून त्याचा राग येतो. लोकांना शेवटपर्यंत बसवायची हौस असलेल्या माणसानं असं मधेच उठून जायचं नसतं.

आम्ही त्याच्या घरी बसायला गेलो. खोली गच्च भरलेली. सगळे सतरंजीकडे बघत होते. वहिनी उठल्या आणि त्यांनी कॉम्प्युटर लावला. त्याचा कीबोर्ड सुरू झाला.

त्याची आत्या दबक्या आवाजात म्हणाली, "सुतकात गानं लावतं काय वं बाई?"

"गानं कुठी हाय, आत्याबाई?" वहिनी म्हणाल्या. "शब्द तरी हाय का एक त्याच्यात?"

दुःखाच्या घरून कधी उठावं ते कोणाला कळत नाही. पहिला उठला की बाकीचे उठतात. त्या दिवशी पहिला कोणी उठलाच नाही. ताल बदलला, थांबला, पुन्हा सुरू झाला. ढोलकीवाल्याची बोटं मांडीवर चालत होती आणि तो रडत होता. मीही.

तुकडा संपला. मुकादम हात टेकून उठायला लागले.

"बसा काका," वहिनी म्हणाल्या. "अजून एक हाय यायचं."

मुकादम परत खाली बसले.