नावाडणीला माहीत नव्हतं

दापोडीत रुळांलगतच्या गल्लीत साबियाचं दुचाकीच्या सुट्या भागांचं दुकान आहे. वडील कादरभाई गेल्यावर तिनंच ते चालू ठेवलं. घरातली थोरली, म्हणून प्रत्येक गोष्ट आधी तिच्या कानावर यायची. वडिलांच्या आजाराचं डॉक्टरांनी तिलाच बाजूला घेऊन सांगितलं. धाकट्या आमिरचा संसार मोडतोय, हेही अम्मीच्या कितीतरी आधी तिला ठाऊक होतं. कळलेलं पोटात ठेवून हसत चहा ओतायचा, हे तिच्या अंगवळणी पडलं होतं.

एका रविवारी दुपारी कॉलेजातली मैत्रीण अपेक्षा तिला संत तुकाराम नगरमधल्या आपल्या घरी खेळायला घेऊन गेली. टेबलावर फासे, आणि अपेक्षा सांगेल ती दुनिया. प्रत्येकानं त्या दुनियेतलं एक माणूस व्हायचं. साबिया झाली धुक्यातल्या नदीवरची नावाडीण. भोसरीत वर्कशॉप असलेला रणजीत झाला वाट चुकलेला शिपाई.

शिपाई एका धर्मशाळेत उतरला. त्याची पाठ वळताच नोकरानं पाण्यात काहीतरी मिसळलं, असं अपेक्षानं सांगितलं.

"माझी नावाडीण त्याला सांगते, पाणी पिऊ नको," साबिया घाईनं म्हणाली.

"हे तुला माहीतय," अपेक्षा म्हणाली. "तिला कुठून कळलं? ती पल्याडच्या काठावर झोपलीय."

टेबलावर ऐकलेलं आपल्या पात्राच्या कानात सोडायचं, याला मेटागेमिंग म्हणतात आणि ते टाळायचं असतं, हे तिला तेव्हा समजलं. रणजीतनं तर सगळं ऐकूनही शिपायाला ते पाणी पाजलं. शिपाई तापानं फणफणला.

साबियाला याची गोडी लागली, ती दर रविवारी जाऊ लागली. खुर्चीवरची साबिया सगळं जाणायची आणि होडीतली बाई काहीच नाही. त्या बाईच्या आत शिरताना तिला दुपारच्या झोपेत उतरल्यासारखं वाटे. पाणी, धुकं, वल्ह्याचा आवाज. उद्याचं काही ठाऊक नाही आणि कुणी सांगायलाही येत नाही.

मग एकदा धर्मशाळेत तापात बरळताना शिपायानं आपली जुनी गोष्ट उघड केली. वरून हुकूम आला म्हणून त्यानं नदीकाठची एक वस्ती पेटवली होती. नदीकाठची वस्ती जळाली तेव्हा तिच्या नावाडणीचे आईबाप त्या आगीत गेले होते, हे तिनं पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगितलं होतं. रणजीतलाही ते आठवलं असावं. त्यानं मान खाली घातली.

पुढच्या रविवारी तो शिपाई तिच्याच होडीत येऊन बसला.

साबियानं वल्हं हाती घेतलं. नावाडणीनं त्याला आपल्यातली अर्धी भाकरी दिली, पांघरायला घोंगडी दिली. नदी रुंद होत गेली, काठ दिसेनासे झाले. खिडकीखालच्या रस्त्यावरचा रिक्षांचा आवाजही कुणाला ऐकू येत नव्हता.

"मला सांगायचंय तिला," रणजीत एकदम म्हणाला.

"तुला की शिपायाला?" अपेक्षानं विचारलं.

त्यानं फासा मुठीत घेतला, परत टेबलावर ठेवला. "कुणाला, ते न्हाई सांगता येत," तो म्हणाला. मग आवाज बदलून शिपाई बोलू लागला. "बाई, नदीकाठची ती वस्ती मी जाळली."

साबियाला हे आठवडाभर माहीत होतं. तरी छातीत काहीतरी लक्कन हललं आणि डोळे भरून आले. नावाडणीच्या जागी बसून, आधी न कळता एखादी गोष्ट अशी समोरून येऊन भिडणं तिला नवीन होतं.

"ती काय करते?" अपेक्षानं हळूच विचारलं.

"वल्हं थांबवते. त्याच्याकडं बघत बसते." साबियानं ओढणीनं डोळे टिपले. "मग त्याला पल्याड उतरवते. घोंगडी मात्र परत घेते."

जिना उतरताना रणजीत मागून आला. "साबियाताई, राग न्हाई ना आला?"

"तिला आलाय," साबिया म्हणाली. "मला भूक लागलीय. चला, वडापाव खाऊ."

दापोडीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली. रिकामी होडी घेऊन ती बाई आता कुठं जाईल, याचा तिला काहीच अंदाज नव्हता, आणि तो करण्याची घाईही नव्हती.