लखमीबाईंचं चित्र

काल बोईसरच्या घरी माळा आवरताना कापडाची एक गुंडाळी हाती आली. सोडली तर गेरूचा वास पसरला आणि भाताच्या लावणीला ओळीनं वाकलेल्या पांढऱ्या बायका दिसल्या.

बारा वर्षांपूर्वीचा पावसाळ्यातला रविवार. जव्हारला चित्रप्रदर्शन होतं, म्हणून मी एकटाच गाडी घेऊन निघालो होतो. विक्रमगडच्या पुढे एका साठीच्या बाईंनी हात केला. त्या लखमीबाई. पाय पोटरीपर्यंत चिखलानं भरलेले.

"जीप आली नाय, बाबा. येवढं माझं चित्र जव्हारच्या प्रदर्शनात पोचव. बारापर्यंतच घेतात."

मी हो म्हणालो. पण घाटात वळणावळणाला धबधबे होते. मी भिजलो, फोटो काढले, कणीस खाल्लं. पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. चित्र कुणी घेतलं नाही. मी मात्र प्रदर्शन निवांत पाहिलं.

परतताना लखमीबाई रस्त्यावरच उभ्या होत्या.

"लावलं का रं?"

"लावलं. अगदी दारासमोर."

"लोकं काय बोलली?"

"खूप वेळ बघत उभी होती."

त्या हसल्या आणि त्यांनी सुनेला घरातून बोलावलं. "हिला पन सांग."

चित्र डिकीतच होतं. ते काढून माफी मागायला तेव्हाही उशीर झाला नव्हता. त्यांचं मन राखतोय, असं मला वाटत होतं. आज त्याचीच जास्त लाज वाटते.

मी सुनेलाही सगळं सांगितलं, आणि या वेळी थोडं वाढवून सांगितलं.