न धरलेले स्पर्श

ऑफिसात त्याला सगळे गुंजभाऊ म्हणत. कंपनी हातात धरून खेळायच्या छोट्या कन्सोलसाठी बंदुकीचे गेम बनवायची आणि त्यातला नेम जुळवणं हे त्याचं काम. एखादा आकडा बदलायचा असला की तो म्हणायचा, "अजून गुंजभर कमी करा." हा सोनारी वजनाचा शब्द त्याच्या घरातला. त्याचा थोरला भाऊ सोन्यात खडे बसवायचा. तांदळाच्या कणीएवढा खडा चिमट्यात धरून, श्वास रोखून, कोंदणात नेमका टेकवायचा. पेढीवर एवढा सुबक हात दुसऱ्या कुणाचा नव्हता.

गुंजभाऊचंही काम तसं बारीकच. पडद्यावरून अंगठा सरकवला की नेम ढोबळ वळतो. मग अख्खा कन्सोल मनगटानं किंचित कलवला की तो केसाएवढा सरकतो, आणि पडद्याच्या उजव्या कोपऱ्यावर टिचकी मारली की गोळी सुटते. ऐकायला सोपं, पण माणसाचा हात कधी स्वस्थ नसतो. तळव्याची कड पडद्याला लागते आणि भलतीच गोळी सुटते. त्यावर गुंजभाऊनं एक नियम घातला होता. स्पर्श पसरट आणि निसटता असला, तर तो चुकून लागलेला समजायचा आणि गेमनं तो धरायचा नाही. खेळणाऱ्यांची निम्मी कुरकुर त्या नियमानं मिटली. पुढे इतर गेमवाल्यांनीही तो उचलला, याचा त्याला मनातून अभिमान होता.

दादाच्या हाताला कंप सुटला तो बावन्नाव्या वर्षी. आधी चिमटा निसटायला लागला, मग एक दिवस खडाच कुठेतरी उडाला. पेढीच्या मालकानं मोठ्या मनानं त्याला गिऱ्हाइकांशी बोलायला बसवलं. दादा दोन दिवस बसला आणि तिसऱ्या दिवशी घरीच राहिला. पुढे तो चारचौघांत खिशातून हात काढेनासा झाला. वहिनी म्हणायची, "माणसांत जात नाहीत, माझ्याशीसुद्धा मोजकंच बोलतात."

गुंजभाऊच्या डोक्यात आलं, थरथरत्या हातालाही खेळता येईल असा नेम जुळवला तर? थरथर गाळून खरी हालचाल तेवढी उचलायची. त्यासाठी एका थरथरत्या हाताचं रेकॉर्डिंग हवं होतं. कन्सोल कितीदा आणि किती कलला, बोट कुठे टेकलं, सगळं त्यात उतरतं. पुढे ते कितीही वेळा लावा, हात नसतानाही गेम तस्साच खेळला जातो. अर्धं हे काम होतं आणि अर्धं दादाला माणसांत आणायचं निमित्त.

रविवारी सकाळी तो कन्सोल घेऊन दादाकडे गेला. दादा हसला. "मी आणि बंदूक? अरे, आयुष्यात उंदीर मारला नाही मी."

"म्हणूनच तुला घेतलंय," गुंजभाऊ म्हणाला. "सराईत लोक आमच्याकडे ढीगभर आहेत."

खिडकीजवळच्या टेबलाशी दोघं बसले. दादा हळूहळू रमला. जीभ दातांत धरून खेळायला लागला, पेढीवर बसायचा तसा. गोळ्या मात्र फार थोड्या सुटत होत्या. भिडस्त माणूस, खेळातही भिडस्तच, असं गुंजभाऊला वाटलं. सातव्या मिनिटाला एक गोदाम लागलं. वरच्या खिडकीत शत्रूचा माणूस उभा. दादाचा नेम थरथरत त्याच्यावर गेला आणि तिथेच राहिला. गोळी सुटेना. नेमाची फुली त्या माणसाच्या छातीवर नुसती थरथरत होती. अकरा सेकंद गेले. गुंजभाऊनं पडद्यावरून नजर काढून दादाच्या हातांकडे पाहिलं.

"राहू दे, दादा. दमलास," तो म्हणाला आणि त्यानं कन्सोल दादाच्या हातातून काढून घेतला.

दादानं दोन्ही हात टेबलाखाली नेले. "हो," म्हणाला. "नाही जमत आता."

पुन्हा त्यानं कन्सोलला हात लावला नाही. तीन महिन्यांनी छातीत कफ भरल्याचं निमित्त झालं आणि तो गेला.

रेकॉर्डिंग राहिलं. ऑफिसात रोज सकाळी दहा कन्सोल स्टँडवर ओळीनं लावून वेगवेगळ्या लोकांची रेकॉर्डिंगं चालवत, गेममध्ये काही बिघडलंय का ते बघायला. दादाचं नऊ नंबरवर. शेजारच्या पडद्यांवर नेम सरळ धावायचे. नवाची फुली थरथरत यायची, जरा थांबायची, पुन्हा शोधायला लागायची. हातात धरणारं कुणी नाही आणि चाल दादाची. गुंजभाऊनं खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड केलं. तरी सातवं मिनिट आलं की त्याची बोटं कीबोर्डवर थांबायची. कुणीतरी मागून म्हणायचं, "नऊ नंबर अडकला परत," आणि बाकीचे हसायचे. तो कुणाचा हात आहे हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं.

चार महिन्यांनी टीमच्या मॅडम त्याच्या टेबलाशी आल्या. "नवाचं रेकॉर्डिंग काढून टाकायचं का? खेळणाऱ्यानं मध्येच सोडून दिलंय."

"सोडलेलं नाही," तो पटकन म्हणाला. मग त्याचं त्यालाच कळेना, आपण असं का म्हणालो. "थांबा, बघून सांगतो."

तोवर त्यानं त्या रेकॉर्डिंगमधली कन्सोल कलण्याची तेवढीच नोंद तपासली होती. स्पर्शांची नोंद उघडायची वेळच आली नव्हती. ती त्यानं आता उघडली आणि सातव्या मिनिटावर आला. उजवा कोपरा. स्पर्श, पसरट, निसटता, धरला नाही. खाली पुन्हा तेच. त्याच्याही खाली तेच. बोट पडद्यावर टेकवत टेकवत तो मोजत गेला. अकरा सेकंदांत एकोणीस स्पर्श.

दादाचा अंगठा उभा पडतच नव्हता. तो आडवा, कडेवर पडत होता आणि कंपानं लगेच उचलला जात होता. दादा दाबत होता. पहिल्या मिनिटापासून दाबत होता. गुंजभाऊच्या नियमानं त्याचे स्पर्श एकामागून एक बाहेर टाकले होते आणि गुंजभाऊ शेजारी बसून त्याला भिडस्त ठरवत होता.

त्यानं नियम सैल केला, आडव्या अंगठ्याला जागा दिली आणि नऊ नंबर पुन्हा लावला. या वेळी तो पडद्यासमोर बसला. सातवं मिनिट आलं. फुली थरथरत खिडकीवर गेली. पहिल्याच स्पर्शाला गोळी सुटली आणि खिडकीतला माणूस कोसळला.

मग दुसरी गोळी सुटली. तिसरी. चौथी. समोर कुणी नव्हतं. त्या हाताला आपलं दाबणं पोचलंय हे कळायला मार्ग नव्हता. तो रिकाम्या खिडकीवर उरलेल्या अठरा गोळ्या झाडत राहिला.

"चाललं की," मॅडम मागून म्हणाल्या. गुंजभाऊ उठला, बाहेर गेला आणि नळाखाली तोंड धरून बराच वेळ उभा राहिला.

त्या रविवारी तो वहिनीकडे गेला. अडखळत सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. हात न थांबवता म्हणाली, "मला ठाऊक आहे, भाऊजी. त्याच दुपारी म्हणाले होते. मी दाबत होतो, पण ते लागत नव्हतं."

"मग मला का नाही सांगितलं?"

"मी म्हटलं, सांगा. तर म्हणाले, त्याच्या कामात खोट काढल्यासारखं होईल. एवढ्या हौसेनं आला होता." तिनं एक देठ मोडून टाकला. "आणि तुमचा चेहरा त्यांनी बघितला होता. तुम्हाला कीव आली होती."

तिनं पुढची जुडी ओढली आणि विचारलं, "ते खेळलेलं अजून दिसतं का?"

त्यानं कन्सोल काढला आणि तिच्यापुढे उभा करून ठेवला. तिनं पदराला हात पुसले आणि सगळं पाहिलं. फुली गोंधळली की ती हळूच म्हणायची, "डावीकडे, अहो, डावीकडे." खिडकीतला माणूस पडला. गोळ्या सुटत राहिल्या.

"आता कुणाला मारतायत?" तिनं विचारलं.

तिनं हात पुढे करून कन्सोल पालथा घातला. आवाज आत चालूच राहिला.

सैल केलेला नियम गेमबरोबर बाहेर गेला. ज्यांचे हात कापतात अशा काहींनी कंपनीला पत्रं लिहिली. मॅडमनी ती त्याला दिली. त्यानं ती वाचली आणि कपाटात ठेवली. पुढे नवा गेम आला. त्यात गोदाम नाही, सातव्या मिनिटाला समोर कोरी भिंत येते. तरी त्यानं नऊ नंबर काढू दिला नाही. दादाचा हात रोज सकाळी त्या भिंतीवर एकोणीस गोळ्या झाडतो आणि चाचणीत पास होतो, कारण स्पर्श धरला गेला की नाही, एवढंच चाचणी बघते.

आता रेकॉर्डिंगला कुणी म्हातारं, आजारी माणूस आलं की गुंजभाऊ त्यांना दमलात का असं विचारत नाही. कुणी मध्येच थांबलं तर खाली वाकून म्हणतो, "दाबताय का?" आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहतो. कधीकधी सकाळी, बाकीचे यायच्या आत, ओळीतल्या त्या एका पडद्याकडे बघतानाही हाच प्रश्न त्याच्या तोंडून निघून जातो. मग तो तसाच उभा राहतो, कान देऊन.